बोलावले कोणी? ‘गॅप इयर’ची सेवा-सहल, फैजपूर आणि डॉ. कोटणीस

धागा मोठा आहे. विषय इतिहासाचाच आहे. निमित्त मात्र गेल्या महिन्यातील एका रविवारचे.

जळगावातील एका हॉटेलच्या सभागृहात तरुणांसाठी मार्गदर्शन-सत्र होते. माझा मावसभाऊ यंदा अभियांत्रिकीची पदवी घेऊन मोकळा झाला आहे. घर यावलचे, शेती केळीची. ‘ताई, तू चल, तुला असल्या गोष्टी कळतात,’ म्हणून तो मला घेऊन गेला. पडद्यावर हिरवी कुरणे होती, गोजिरवाणी काळी मुले होती आणि त्या मुलांना कडेवर घेतलेले आपल्या वयाचे हसरे चेहरे होते. योजना अशी: पंधरा-वीस जणांचा गट करायचा, पूर्व आफ्रिकेत किंवा कंबोडियात सहा आठवडे जायचे, सकाळी शाळेत इंग्रजी शिकवायचे, दुपारी भिंती रंगवायच्या, शनिवार-रविवारी जंगल सफारी. शेवटी प्रमाणपत्र. या सगळ्याचे नाव ‘जागतिक सेवा’. शुल्काचा आकडा लिहीत नाही. काकांनी तो ऐकून केळीच्या कापणीचा हिशेब मनात मांडला आणि गप्प बसले, एवढे सांगितले तरी पुरे.

त्या सत्रात एक वाक्य ऐकले आणि हा धागा लिहिणे भाग पडले. वक्त्याने सांगितले की शिक्षण थांबवून समूहाने सेवेला निघण्याची कल्पना ‘आपल्याकडे नाही, ती पश्चिमेकडून शिकावी लागते’. हे वाक्य यावलपासून अर्ध्या तासावर असलेल्या फैजपूरच्या अस्तित्वाचा अपमान आहे. ते अज्ञानातून आले असेल तर क्षम्य मानू; पण ज्या अज्ञानाच्या आधारावर शुल्क आकारले जाते, त्याला क्षमा कशासाठी?

तर फैजपूर.

डिसेंबर १९३६. राष्ट्रीय काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन. त्यापूर्वीची अधिवेशने मुंबई, कलकत्ता, मद्रास, लाहोर, लखनौ अशा शहरांत भरत. अधिवेशन खेड्यात भरवावे हा गांधीजींचा आग्रह, आणि तो पहिल्यांदा प्रत्यक्षात आला तो पूर्व खानदेशात, आजच्या यावल तालुक्यातील फैजपुरात. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. महिनाभरापूर्वीच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉयही आले होते. अधिवेशनाने शेतकऱ्यांविषयीचा जो कार्यक्रम स्वीकारला तो ‘फैजपूरचा शेतीविषयक कार्यक्रम’ म्हणून पाठ्यपुस्तकांत आहे. पाठ्यपुस्तके तेथेच थांबतात.

मला थांबायचे आहे ते मांडवात. टिळकनगर नावाची ती वसाहत शेतात उभी राहिली. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि गावात मिळणाऱ्या बांबूतून, चटयांतून त्यांनी कमानी व सजावट उभी केली. शहरातून रंगीत कापड मागवायचे नाही, स्थानिक साहित्य आणि स्थानिक हात वापरायचे, ही अट होती. अध्यक्षांची मिरवणूक मोटारीतून निघाली नाही. बैलांच्या रथातून निघाली. आज आपण ज्याला ‘शाश्वत’ वगैरे विशेषणे लावून विकतो ते त्या वेळी एका तालुक्याने बिनबोभाट करून दाखवले होते.

आणि हे केले कोणी? खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे कार्यकर्ते अर्थातच होते. अमळनेरच्या शाळेतील नोकरी १९३० साली सोडून सत्याग्रहात उतरलेले साने गुरुजी गावोगाव हिंडत होते: पैसा, धान्य आणि माणसे जमवीत. जी माणसे जमली त्यांत पोरे अधिक होती. शाळा-कॉलेज बाजूला ठेवून आलेली, शेतावरून आलेली. आपण ‘गट’, ‘स्वयंसेवा’, ‘शिक्षणातील खंड’ या तीन शब्दांनी ज्याचे वर्णन करतो, ते सर्व तेथे होते. नव्हते ते फक्त शुल्क आणि प्रमाणपत्र.

एक प्रसंग खानदेशात अजून सांगितला जातो. ध्वजारोहणाच्या वेळी झेंडा वर जाताना मध्येच अडकला. खांब उंच, गर्दी अफाट, अध्यक्ष खाली दोरी धरून उभे. तेव्हा शिरपूरचा किसनसिंह राजपूत हा तरुण खांबावर सरसर चढला आणि त्याने झेंडा मोकळा केला. मला या गोष्टीत शौर्यापेक्षा दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. त्या क्षणी तेथे नेमके काय करायला हवे होते हे त्याला दिसले, आणि ते त्याला करता येत होते. या दोन अटी लक्षात ठेवा. पुढे त्या पुन्हा लागतील.

आता कोणी म्हणेल, हे तर घरच्या अंगणातले. प्रश्न परदेशाचा आहे. चला परदेशी.

१९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी आठव्या सेनेचे सेनापती चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. हा तपशील निसटू देऊ नका: पत्र तिकडून आले. ‘आम्हाला अनुभव घ्यायचा आहे, तुमच्याकडे जागा आहे का?’ असे पत्र इकडून गेले नाही. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. चीनसाठी निधी गोळा करण्यात आला, सुमारे २२,००० रुपये जमले. म्हणजे पैसा समाजाने दिला. जाणाऱ्याने स्वतःच्या सेवेचे भाडे भरले नाही. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचा गट मुंबईहून बोटीने निघाला: मदन अटल, नागपूरचे मोरेश्वर चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, विजयकुमार बसू आणि देवेश मुखर्जी.

कोटणीस तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. मुंबईच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेली, पुढच्या शिक्षणाची तयारी चाललेली. आजच्या भाषेत सांगायचे तर हा त्यांचा ‘गॅप’. तिकडे पोहोचल्यावर वडिलांच्या निधनाची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. येनानला गेले, तेथून आघाडीवर. चिनी भाषा शिकले. एवढी की त्या भाषेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ च्या नोव्हेंबरात जंतुसंसर्गाने गेले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारी १९४१ साली कोटणीसांवर आली. त्याच वर्षी त्यांनी को छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनह्वा. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले. शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट आपल्याला ठाऊक असतो. सोलापूरच्या या माणसाचे चीनमधील स्मारक किती जणांना ठाऊक असते, कोण जाणे.

मला कोटणीसांची पूजा करायची नाही. त्यांच्यासारखे व्हा, असा उपदेश तर मुळीच करायचा नाही. बत्तिसाव्या वर्षी मरण्याचा आदर्श कोणी कोणापुढे ठेवू नये. शिवाय पाचांपैकी चौघे परतले, आणि त्यात कमीपणा काही नाही. मला त्या मोहिमेची रचना पाहायची आहे. मागणी यजमानांची. कौशल्य पाहुण्यांचे. खर्च पाठवणाऱ्या समाजाचा. भाषा यजमानांची. मुदत कामाने ठरवलेली. आता जळगावच्या त्या सभागृहातील योजना याच रचनेत बसवून पाहा. मागणी पाहुण्यांची. कौशल्य कोणाचेच नाही. खर्च पाहुण्याच्या बापाचा. भाषा तिसऱ्याच कोणाची. मुदत परतीच्या विमानाने ठरवलेली. एकही खण जुळत नाही, आणि तरी दोन्हींना ‘सेवा’ हा एकच शब्द लावला जातो.

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो सत्राच्या दिवशी भावानेही घेतला होता. ‘ताई, कोटणीस डॉक्टर होते. आम्ही कोण? आम्हाला जे येते तेच करणार ना!’

बरोबर. माझाही मुद्दा तोच. ज्याला केनियातील मुलांची भाषा येत नाही, ज्याने आयुष्यात वर्गावर उभे राहून तास घेतलेला नाही, त्याने सहा आठवडे तिथल्या शिक्षकाला बाजूला सारून इंग्रजी का शिकवावे? उलटे करून पाहू. उद्या एखाद्या दूरच्या देशातील बावीस वर्षांची, मराठीचा गंध नसलेली पंधरा मुले सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळेत आली, पावरा किंवा तडवी मुलांच्या वर्गात शिरली, गाणी म्हणाली, छायाचित्रे काढली आणि दीड महिन्याने गेली, आणि त्यानंतर पुढचा गट आला, तर आपण त्याला सेवा म्हणू? आपल्याच पोरांची छायाचित्रे कुणाच्या तरी भिंतीवर पाहून आपल्याला काय वाटेल?

ही केवळ कल्पना नाही. ‘तिकडून इकडे’ येणाऱ्यांचाही इतिहास आहे, आणि तो एकरंगी नाही. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पियेर सेरेसोल हा स्विस शांततावादी अभियंता सोबत्यांसह आला. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, फ्रान्समधील उद्ध्वस्त गाव बांधायला आंतरराष्ट्रीय श्रमछावणी भरवणारा तोच हा माणूस. समूहाने परदेशी जाऊन श्रम करण्याच्या साऱ्या आधुनिक प्रथेचे एक मूळ तेथे आहे. बिहारमध्ये त्यांनी स्थानिक लोकांसोबत घरे बांधली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा येऊन. हे पुस्तकात वाचताना माझा परदेशी स्वयंसेवकांविषयीचा सरसकट राग ओसरला, हे प्रांजळपणे नोंदवते.

मग १९६१ साली केनेडींची ‘पीस कोअर’ आली. त्याच वर्षअखेरीस तिचे तरुण भारतात उतरले आणि १९७६ पर्यंत येत राहिले. शीतयुद्धाचे राजकारण त्यामागे होते, हे उघड आहे. पण तिच्यातही मुदत दोन वर्षांची असे आणि निघण्यापूर्वी भाषेचे प्रशिक्षण असे. तिच्यातील माझी आवडती स्वयंसेविका तरुण नव्हतीच: जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर. पेशाने परिचारिका. १९६६ ते १९६८ या काळात त्या मुंबईत विक्रोळीला राहिल्या आणि तेथील दवाखान्यात काम केले. वय? अठ्ठावन्न नव्हे, अडुसष्ट. ‘तारुण्यातच जग पाहून घ्या, नंतर जमत नाही’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यांना हे उदाहरण पुढच्या वेळी आवर्जून ऐकवा.

आणि नेमक्या १९६८ साली, मेक्सिकोला सेवेसाठी निघणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांपुढे इव्हान इलिच हा धर्मगुरू-विचारवंत उभा राहिला आणि त्याने त्यांना तोंडावर सांगितले की तुमचे हेतू चांगले असतील, पण तुमचे येणे हा आमच्यावर लादलेला भार आहे. पाहायला या, शिकायला या, मदत करायला मात्र येऊ नका. अर्धशतकापूर्वीचे हे भाषण आजही कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा ताजे आहे. इलिचशी मी पूर्ण सहमत नाही. कारण त्याच मेक्सिकोत त्याच्या कितीतरी आधी एक मराठी माणूस पोहोचला होता: वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतील क्रांतिकारक, पुढे कृषिशास्त्रज्ञ. १९२० च्या दशकात चापिंगोच्या कृषी विद्यालयात ते शिकवत, मक्याच्या वाणांवर संशोधन करीत आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवण्यात पुढाकार घेत. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने त्यांना भित्तिचित्रात स्थान दिले. परक्या देशातील माणूस उपयोगी पडूच शकत नाही, असे म्हणता येत नाही ते यामुळे. त्यासाठी मक्याचे दाणे ओळखता यावे लागतात, आणि राहावे लागते.

माहितीपत्रकातील सर्वांत गोड पान अनाथालयाचे होते, म्हणून त्यावर कडू बोलणे आवश्यक आहे. कंबोडियातील अनाथालयांत ठेवलेल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे युनिसेफने पुनःपुन्हा सांगितले आहे. पाहुणे पैसे देतात म्हणून संस्था वाढतात, आणि संस्थांना मुले लागतात म्हणून ती गरीब घरांतून आणली जातात. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ साली या अनाथालय-पर्यटनाचा विचार कोठे केला, ठाऊक आहे? आधुनिक गुलामगिरीच्या चौकशीत. दर सहा आठवड्यांनी नवा ‘दादा’ आणि नवी ‘ताई’ मिळून हरवणाऱ्या मुलाचे काय होत असेल, यासाठी संशोधन वाचण्याचीही गरज नाही.

आता आपल्याच अभिमानावर थोडे मीठ चोळते, कारण फैजपूरची गोष्ट मी वर जरा गोड करूनच सांगितली.

त्या अधिवेशनात संडास-सफाईचे काम स्वयंसेवकांनी केले. कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन यांच्या नेतृत्वाखाली सवर्ण तरुणांनी हाती झाडू आणि बादली घेतली. त्या काळात हे धाडस होते. घरी परतल्यावर कित्येकांना त्याची किंमत मोजावी लागली असेल. पण अधिवेशन संपले, मांडव उतरला, आणि ते काम पुन्हा कोणाच्या वाट्याला गेले? ज्या जातीच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या होते तिच्याच. स्वयंसेवक एका अनुभवाने समृद्ध होऊन घरी गेला. झाडू जेथे होता तेथेच राहिला. त्याच १९३६ साली, मे महिन्यात, डॉ. आंबेडकरांनी लाहोरच्या मंडळाने नाकारलेले जातिनिर्मूलनावरील भाषण स्वखर्चाने छापले होते. त्यातील प्रश्न फैजपूरच्या मांडवालाही लागू होता: जातीचे काम काही दिवस हौसेने केल्याने जात जाते का? अप्पासाहेब स्वतः आयुष्यभर त्या कामात राहिले, म्हणून त्यांच्याविषयी आदर आहे. बाकीच्यांच्या अनुभवात आणि आजच्या सहा आठवड्यांत अंतर आहे, पण नाते मुळीच नाही असे मला म्हणवत नाही.

म्हणून ‘आमच्याकडे सगळे पूर्वीच होते’ ही टिमकी मी वाजवीत नाही. माझे म्हणणे एवढेच की आपल्याकडे या गोष्टीचा अनुभव आहे, यश आहे, चुका आहेत आणि त्या चुकांवरची चर्चाही आहे. ते सारे दुर्लक्षून कोरी पाटी विकत का घ्यावी? सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावण्यांत किती पिढ्यांनी फावडे धरले. डिसेंबर १९८५ मध्ये सत्तरी ओलांडलेले, पाठीचा कणा साथ देत नसलेले बाबा शंभराहून अधिक तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, तेव्हा ती पोरे सायकलवर होती. पंजाब जळत असतानाचे ते दिवस. गडचिरोलीतील ‘निर्माण’ २००६ पासून याच वयाच्या मुलांना प्रश्नांपाशी नेऊन बसवते. यांतील कोणाचीही चिकित्सा जरूर करा. पण आधी नाव तर ऐका.

आणि एक गोष्ट जी पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित विनोदी वाटेल. पदवीनंतर एक वर्ष घरी राहिलेल्या आमच्याकडील मुलाला पुढे प्रवेश घेताना स्टॅम्पपेपरवर ‘गॅप सर्टिफिकेट’ द्यावे लागते. या काळात मी कोठेही प्रवेश घेतला नव्हता, असे शपथेवर लिहायचे. ज्या वर्षात त्याने बापाच्या केळीला पाणी दिले, आजारी आजीला भुसावळ-जळगावच्या दवाखान्यांत नेले-आणले, धाकट्या बहिणीची गणिते सोडवून घेतली, ते वर्ष कागदावर ‘खंड’. कोणताही अधिकारी त्याला त्या वर्षात काय शिकलास, असे विचारीत नाही. तेच वर्ष पैसे भरून नैरोबीला घालवले की ‘नेतृत्वगुण’. शब्द तोच, ‘गॅप’; एकाला तो शपथेवर कबूल करावा लागतो, दुसऱ्याला तो अर्जात मिरवता येतो. वर्गभेद शिकवण्यासाठी याहून नेमके उदाहरण मला अजून सापडलेले नाही.

गैरसमज नको. यावलच्या मुलाने जग पाहू नये, असे मी कधीही म्हणणार नाही. आमच्या भागात पारपत्र असलेली घरे आजही बोटांवर मोजण्यासारखी आहेत, आणि सातपुडा ओलांडण्याची आस असणे हा गुन्हा नाही. पैसा असेल तर खुशाल प्रवासाला जावे, प्रवासाला प्रवास म्हणावे, सफारीत सिंह पाहावा, तिथल्या माणसांच्या हातचे जेवावे, त्यांना पूर्ण दाम द्यावेत आणि परत यावे. त्यात लाज कसली? लाज आहे ती सहलीला सेवा म्हणवून घेण्यात. किंवा खरोखर कामच करायचे असेल तर आधी काम शिकावे. केळीवरील रोग ओळखता येणारा, ठिबकची नळी डोळे मिटून दुरुस्त करणारा आमच्या तालुक्यातील मुलगा उद्या युगांडाच्या केळी-उत्पादकांच्या उपयोगी पडेल, त्यांच्याकडून चार गोष्टी शिकूनही येईल. पण त्या सभागृहात कोणीही त्याला ‘तुला काय येते?’ असे विचारले नाही. विचारले ते ‘हप्ते हवेत का?’

सत्रानंतर परतताना आम्ही मुद्दाम फैजपूरवरून आलो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावर नेहमीप्रमाणे केळीच्या गाड्यांची रांग होती. भावाला अधिवेशनाची गोष्ट सांगितली. धनाजी नानांच्या नावाचे महाविद्यालय त्याला ठाऊक होते; तेथे त्याचे मित्र शिकले आहेत. नाव का आहे, ते मात्र ठाऊक नव्हते. दोष त्याचा नाही. आपण ज्या इतिहासाचे धागे लिहितो त्यांत तलवारी फार आणि बांबू कमी, हा दोष आपला.

त्याने घरी जाऊन त्या मंडळींना संदेश पाठवला. प्रश्न एकच: ज्या शाळेत आम्हाला शिकवायला नेणार आहात, त्या शाळेने आम्हाला बोलावल्याचे पत्र पाहायला मिळेल का?

दोन दिवसांनी उत्तर आले. पत्राचा उल्लेख नव्हता. पाच जणांचा गट करून नोंदणी केल्यास सवलत मिळेल, असे लिहिले होते.